उत्पत्तीतली निर्मितीची दोन वर्णनं शेजारी ठेवून कशी वाचायची

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचे पहिले दोन अध्याय सलग वाचले की एका जागी पाय अडखळतोच. सहाव्या दिवशी नर आणि नारी निर्माण झाले, सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, काम आटोपलं. पुढच्या दोन-तीन ओळींत मात्र शेतात झुडूप नाही, पाऊस नाही आणि जमीन कसायला माणूसही नाही. बरेचजण इथं एक तर डोळेझाक करून पुढं जातात किंवा 'बायबलमध्ये विसंगती सापडली' म्हणून मोकळे होतात. दोन्हींत मजकूर वाचायचा राहूनच जातो. आधी दोन्ही वर्णनं वेगवेगळी नीट वाचायची, मग त्यांचा सांधा तपासायचा आणि नातं काय ते सगळ्यात शेवटी ठरवायचं, ही इथली पद्धत. क्रम उलटा केला की मनात आधीच ठरलेलं उत्तर मजकुरात सापडतं.

आधी काय जमवायचं

पवित्र शास्त्राच्या उत्पत्ती १ ते ३ या अध्यायांची कागदावर प्रत, दोन रंगांच्या पेन्सिली, आखीव फुलस्केपचे दोन कागद आणि सलग दोन-अडीच तास. मोबाइलवर हे नीट जमत नाही, कारण दोन्ही वर्णनं एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. शक्य असेल तर दुसरं एक भाषांतरही जवळ ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर उत्तम. मुलांसाठीच्या बायबलकथा मात्र बाजूला ठेवा. त्यांत दोन्ही वर्णनं आधीच एकजीव केलेली असतात: सहाव्या दिवशी माती, लगेच फासळी, लगेच बाग. आपल्या बहुतेकांच्या डोक्यात बसलेली गोष्ट तीच आहे आणि सगळ्यात जास्त त्रास तीच देते.

छापील प्रतीत मधूनमधून येणारे मथळे प्रकाशकाने घातलेले असतात. ते खोडून टाका.

पहिली रेघ कुठं ओढायची

पहिल्या अध्यायाच्या शेवटी ओढू नका. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूंच्या नावावर असलेली. १:३१ (म्हणजे पहिल्या अध्यायाचं एकतिसावं वचन) नंतर अध्याय तोडल्यामुळे सहा दिवस एका अध्यायात राहिले आणि सातवा दिवस एकटाच पुढच्या अध्यायात गेला. हिब्रू परंपरेत प्रत्येक दिवसाच्या शेवटी नवा परिच्छेद सुरू होतो, तसाच तो २:३ नंतरही होतो. म्हणून रेघ २:३ च्या खाली. पहिलं वर्णन १:१ ते २:३, एकूण ३४ वचनं.

२:४ ला सध्या कुठलाच रंग देऊ नका, भोवती साधा चौकोन करून ठेवा. तोच सांधा आहे, त्याच्याकडे नंतर वळू.

दुसरं वर्णन २:२५ ला थांबवायचं की नाही, यावर पुष्कळ गोंधळ होतो. थांबवू नका. 'दोघं नग्न होती पण त्यांना लाज वाटत नव्हती' हे २:२५ चं वाक्य ३:७ मध्ये डोळे उघडल्यावर पूर्ण होतं. माती २:७ मध्ये येते, तिचा हिशेब ३:१९ मध्ये होतो. म्हणजे दुसरी गोष्ट ३:२४ ला, बागेच्या दारावर पहारा बसतो तिथं संपते. दुसऱ्या अध्यायापाशी कात्री चालवली तर हाती निम्मीच गोष्ट येते आणि ती उगाच लग्नाच्या प्रवचनासारखी वाटू लागते.

देवाच्या नावांना रंग द्या

एका पेन्सिलीने 'देव', दुसरीने 'परमेश्वर देव'. पहिल्या वर्णनात हिब्रूमध्ये 'एलोहीम' हे नाव ३५ वेळा येतं आणि दुसरं नाव एकदाही येत नाही. २:४ पासून ३:२४ पर्यंत 'याहवे एलोहीम' ही जोडी २० वेळा येते. बहुतेक मराठी भाषांतरांत हा फरक 'देव' आणि 'परमेश्वर देव' असा टिकलेला आहे. तुमची मोजदाद दोन-चारने मागंपुढं झाली तर घाबरू नका. वाक्य सुटसुटीत व्हावं म्हणून भाषांतरकार कधी 'त्याने' म्हणतात, तर कधी नाव जास्तीचं घालतात.

३:१ ते ३:५ मध्ये मात्र साप आणि स्त्री नुसतं 'देव' म्हणतात. ही मोजणीतली चूक नाही, मजकुरात तसंच आहे. निवेदक 'परमेश्वर देव' म्हणतो आणि सापाच्या तोंडी ते नाव येत नाही. नावांवरून यांत्रिकपणे तुकडे पाडणारे इथं तोंडघशी पडतात. नाव हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे.

पहिलं वर्णन एकटं वाचा

कागदावर दोन उभे रकाने आणि तीन आडव्या ओळी आखा. डाव्या रकान्यात दिवस १, २, ३, उजव्या रकान्यात ४, ५, ६. आता भरा:

पहिला दिवस: प्रकाश, अंधारापासून वेगळा. समोर चौथा: दिवसा आणि रात्री प्रकाश देणाऱ्या ज्योती.
दुसरा: अंतराळ, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं. समोर पाचवा: पाण्यातले जीव आणि आकाशातले पक्षी.
तिसरा: कोरडी जमीन आणि वनस्पती. समोर सहावा: जमिनीवरचे प्राणी आणि मनुष्य.

डावीकडे जागा तयार होते आणि उजवीकडे त्या जागेतले रहिवासी येतात. कामं मोजा: आठ भरतात, दिवस सहाच. म्हणून तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी दोन-दोन कामं. हा आराखडा एकदा दिसला की 'सूर्याआधी प्रकाश कसा?' या प्रश्नाचं स्वरूपच बदलतं. लेखक घटनांची रोजनिशी लिहीत नाही, तो मांडणी करतो आहे. सूर्य आणि चंद्र यांची नावंही तो घेत नाही. 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' एवढंच म्हणतो आणि त्यांच्यावर ऋतू, दिवस, वर्षं दाखवण्याचं काम सोपवतो. बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, शमाश हा सूर्यदेव आणि सीन हा चंद्रदेव पुजला जात होता, हे लक्षात घेतलं तर नावं न घेण्यातली धार कळते.

आता ठरावीक वाक्यांखाली रेघा मारा. 'देव बोलला' दहा वेळा. 'चांगले आहे' सात वेळा, शेवटचं 'फार चांगले'. 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' सहा वेळा, सातव्या दिवसाला नाही. दुसऱ्या दिवशी 'चांगले आहे' सापडणार नाही, तिसऱ्या दिवशी दोनदा सापडेल. पाण्याचं काम तिसऱ्या दिवशी पुरं होतं म्हणून शेराही तेव्हाच, असा याचा जुना खुलासा आहे. सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र दुसऱ्या दिवशीही ते वाक्य आहे. रिकामी जागा प्राचीन वाचकांनाही खुपली होती, एवढं त्यावरून दिसतं.

दुसरं वर्णन एकटं वाचा

याला रकाने लागत नाहीत. एकाखाली एक क्रम लिहा: कोरडी जमीन, भूमीतून वर येणारं पाणी, मातीचा माणूस, नाकपुड्यांत श्वास, एदेन बाग, झाडं, चार फाट्यांची नदी, बरंवाईट कळण्याच्या झाडाची मनाई, 'मनुष्य एकटा असावा हे बरे नाही', पशुपक्षी, त्यांना नावं, गाढ झोप, फासळी, स्त्री.

मग जे नाही त्याची यादी करा. हे सगळ्यात उपयोगी काम आहे आणि हमखास टाळलं जातं. समुद्र नाही. मासे नाहीत. सूर्य, चंद्र, तारे नाहीत. दिवसांची मोजणी नाही. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, नाही. 'चांगले आहे' हा शेरा नाही, उलट पहिला शेरा 'बरे नाही' असा आहे.

पाण्याकडे बघा. पहिल्या वर्णनाची सुरुवात होते तेव्हा जिकडंतिकडं पाणीच पाणी, आणि ते हटवून जमीन मोकळी करायची आहे. दुसऱ्याच्या सुरुवातीला जमीन कोरडीठाक, आणि पाणी हवं आहे. एक महापुराच्या प्रदेशाचं भान, दुसरं पावसाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याचं. या एका फरकावरून बाकीचे बरेच फरक उलगडतात. इथं देव आज्ञा देऊन मोकळा होत नाही. तो माती घडवतो, फुंकर घालतो, बाग लावतो, फासळी काढून जागा मांसाने बुजवतो. पहिल्या वर्णनात दिवस, रात्र, आकाश, भूमी आणि समुद्र यांना नावं देव देतो. दुसऱ्यात प्राण्यांना नावं माणूस देतो आणि देव बघत उभा असतो.

आता शेजारी ठेवा आणि फरक दोन ढिगांत घाला

सगळे फरक सारख्या वजनाचे नसतात. एका ढिगात निव्वळ भर वेगळा असलेले फरक, दुसऱ्यात क्रम खरोखर जुळत नाही असे. यादीत बारा-पंधरा फरक भरले तरी दुसऱ्या ढिगात दोन-तीनच उरतात.

'सहा दिवस' विरुद्ध '२:४ मधला एक दिवस' हा विरोध नव्हे. तिथं हिब्रूत 'ज्या दिवशी' हा प्रयोग 'जेव्हा' या अर्थाने आहे. वनस्पतींचा विरोधही वाटतो तितका टणक नाही. २:५ मध्ये 'शेतातलं झुडूप' आणि 'शेतातली वनस्पती' असं म्हटलं आहे आणि २:९ मधली झाडं बागेतली आहेत.

प्राण्यांचा विरोध मात्र टणक आहे. पहिल्यात प्राणी आधी, माणूस नंतर. दुसऱ्यात २:१८ मध्ये देव म्हणतो की मी याला साजेसा साहाय्यक करीन, आणि २:१९ मध्ये मातीपासून पशुपक्षी घडवतो. काही भाषांतरं इथं 'घडवले होते' असं करतात. जेरोमच्या व्हल्गेट या जुन्या लॅटिन भाषांतरातही प्राणी आधीच घडलेले आहेत अशी रचना आहे. सेप्टुआजिंटने वेगळी वाट काढली: देवाने 'आणखी' प्राणी घडवले, म्हणजे ही दुसरी खेप. हिब्रू क्रियापद मात्र २:७ मध्ये माणूस घडवताना आलं आहे त्याच रूपात आहे, गोष्ट पुढं सरकवणारं. शिवाय 'घडवले होते' म्हटलं की गोष्टीचा धागाच तुटतो. एकटेपणावर उपाय म्हणून प्राणी आणले जातात, त्यांत जोडीदार सापडत नाही आणि म्हणून स्त्री. तुमच्या प्रतीत काय आहे ते तपासा. भूतकाळ मागं ढकललेला दिसला तर भाषांतरकाराने तंटा आधीच मिटवून ठेवला आहे असं समजा.

तिसरा फरक: १:२७ मध्ये नर आणि नारी एकाच वाक्यात, एकाच वेळी. दुसऱ्यात आधी एक, मग दुसरी. मिद्राश या प्राचीन ज्यू भाष्यपरंपरेत यावर एक भन्नाट तोड आहे. पहिला मनुष्य दोन तोंडांचा, नर-नारी जोडलेला होता आणि देवाने तो मधोमध वेगळा केला. पटो न पटो, पण हा फरक नाकारण्यापेक्षा त्याच्याशी झोंबणारी ही वाचनरीत जास्त प्रामाणिक आहे.

सांधा: २:४

आता चौकोन उघडा. वचनाचा पहिला अर्धा भाग म्हणतो: आकाश आणि पृथ्वी उत्पन्न झाली तेव्हाची ही त्यांची वंशकथा. दुसरा अर्धा: परमेश्वर देवाने पृथ्वी आणि आकाश केलं तेव्हा... पहिल्या अर्ध्यात 'आकाश-पृथ्वी' आणि 'उत्पन्न करणे', दुसऱ्यात 'करणे' आणि 'पृथ्वी-आकाश'. क्रम आरशातल्यासारखा उलटा. काही मराठी भाषांतरांत दोन्हीकडे 'आकाश व पृथ्वी' करून टाकलेलं असतं, मग ही वीण दिसत नाही. म्हणून दुसरं भाषांतर जवळ असावं.

'ही वंशकथा' हे सूत्र पुढं नोहा (६:९), तेरह (११:२७), याकोब (३७:२) अशा ठिकाणी येतं आणि प्रत्येक वेळी ते पुढं येणाऱ्या मजकुराचा मथळा असतं. इथं मात्र त्याची शब्दकळा मागच्या वर्णनाची आहे. म्हणून कित्येक अभ्यासकांनी २:४ चा पहिला अर्धा भाग पहिल्या वर्णनाचा शेवट मानला. आमच्या मते तो मथळाच आहे, पण दोन्हींकडे हात पोचावेत म्हणून मुद्दाम घडवलेला.

त्याला आणखी एक आधार आहे. 'परमेश्वर देव' ही जोडी पंचग्रंथात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, या दोन अध्यायांबाहेर फक्त एकदा येते, निर्गम ९:३० मध्ये. चौथ्या अध्यायात काइन-हाबेलच्या गोष्टीत निवेदक नुसतं 'परमेश्वर' म्हणतो. पहिल्या अध्यायातला 'देव' आणि चौथ्यातला 'परमेश्वर' एकच आहे हे वाचकाच्या मनावर ठसावं म्हणून मधल्या गोष्टीत दोन्ही नावं जोडली, असं मानायला चांगली जागा आहे. म्हणजे कुणीतरी ही वर्णनं जाणूनबुजून लावली. फरक त्याला दिसले नसतील, हे संभवत नाही.

नातं ठरवताना प्रत्येक उत्तराची किंमत तपासा

आधी सारांश, मग तपशील: रशी या अकराव्या शतकातल्या ज्यू भाष्यकाराने २:८ वर हा नियम सांगितला आहे. ऐकणाऱ्याला दुसरी गोष्ट वाटेल, पण ती पहिलीचाच तपशील. १:२७ साठी हे छान चालतं. किंमत २:१९ ला मोजावी लागते, शिवाय समुद्र आणि मासे गायब का याचं उत्तर मिळत नाही.

दोन वेगळे उगम: जर्मन पाळक विटर यांनी १७११ मध्ये आणि फ्रेंच वैद्य झां आस्त्र्यूक यांनी १७५३ मध्ये निनावी पुस्तकात नावांच्या फरकावरून हा विचार मांडला. उत्पत्ती मोशेने लिहिलं ही परंपरा आस्त्र्यूक यांना खोडायची नव्हती, मोशेने जुनी टिपणं वापरली एवढंच त्यांचं म्हणणं. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक वेलहाउझेन यांनी त्याला ठळक रूप दिलं. आज पहिलं वर्णन याजकवर्गाच्या परंपरेतलं, बाबेलच्या बंदिवासाच्या किंवा त्यानंतरच्या काळातलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्याच्या काळावर मात्र एकमत उरलेलं नाही. जुन्या पुस्तकातला 'इ.स.पू. दहावं शतक' हा आकडा निर्विवाद म्हणून उतरवू नका. या उत्तराची उणीव अशी की ते दोन तुकडे हातात देतं, पण शेजारी का ठेवले ते आपोआप सांगत नाही.

दोन वेगळ्या निर्मिती: १६५५ मध्ये इझाक ला पेरेर यांनी आदामाआधी दुसरी माणसं होती असा दावा केला. त्यांना अटक झाली आणि मत मागं घ्यावं लागलं. हे उत्तर मजकुरातच अडतं, कारण ५:१-२ मध्ये पहिल्या वर्णनाचे शब्द घेऊन थेट आदामाची वंशावळ सुरू होते. पुढं या कल्पनेचा वापर काही मानवगटांना 'आदामाबाहेरचे' ठरवायलाही झाला. हे उत्तर कुणी नव्याने शोधलं म्हणून पुढं करत असेल तर त्याचा इतिहासही त्याला सांगा.

एकाच सत्याच्या दोन बाजू: मिद्राशमध्ये राजाची उपमा आहे. काचेच्या पेल्यांत नुसतं गरम ओतलं तर ते तडकतील, नुसतं गार ओतलं तरी तडकतील, म्हणून राजा दोन्ही मिसळून ओततो. तसं जग न्याय आणि करुणा यांच्या मिश्रणावर उभं, म्हणून देवाची दोन नावं. विसाव्या शतकात रब्बी सोलोवेचिक यांनी १९६५ मध्ये माणसाचे दोन स्वभाव म्हणून दोन आदाम वाचले. धोका असा की सगळं इतकं सुंदर जुळतं की फरक बोचेनासे होतात.

आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे, पण जोडणाऱ्याला लेखकाइतकाच मान देऊन. त्याने मजकूर घासून गुळगुळीत केला नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं काम.

उत्तर तपासायला तीन जागा वाचा. निर्गम २०:११ शब्बाथासाठी फक्त पहिलं वर्णन वापरतं. उत्पत्ती ५:१-२ पहिल्याचा धागा उचलतं. मत्तय १९:४-५ मध्ये येशू घटस्फोटावर बोलताना १:२७ मधलं 'नर व नारी' आणि २:२४ मधलं 'ती दोघे एकदेह होतील' एका दमात जोडतो. तुमच्या उत्तरात या तिन्ही वापरांना जागा हवी.

गटात शिकवताना

दोन गट करा. एकाला फक्त १:१–२:३ ची प्रत द्या, दुसऱ्याला फक्त २:४–३:२४, आणि प्रत्येकाला क्रमाने चित्रं काढायला सांगा. नव्वद मिनिटं पुरतात: वाचनाला वीस, चित्रांना तीस, बाकी चर्चेला. पहिल्या गटाच्या कागदावर फासळी, सफरचंद किंवा साप आला तर रागावू नका, वचन दाखवायला सांगा. सफरचंद तर कुठल्याच गटाला सापडणार नाही.

बाबेलच्या कथांची तुलना याच बैठकीत घुसडू नका. एनूमा एलिश या काव्यात मार्दुक हा देव तियामत या समुद्रदेवीला चिरून आकाश करतो. अत्राहासीस या दुसऱ्या काव्यात मारलेल्या देवाचं मांस आणि रक्त चिखलात मिसळून माणूस घडतो, तोही देवांचे कष्ट उपसायला. दोन्ही वर्णनांच्या पार्श्वभूमीसाठी हे मोलाचं आहे, पण आधी सांगितलं की गट उरलेला वेळ 'कुणी कुणाचं उचललं' यावर घालवतो.

हात बसला की हीच पद्धत जलप्रलयाला, अध्याय ६ ते ९ ला लावा. तिथं दोन वर्णनं शेजारी न ठेवता एकमेकांत विणली आहेत, त्यामुळे काम अवघड. ६:१९ मध्ये प्रत्येक जातीची एक जोडी आणि बोलणारा 'देव'. ७:२ मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या आणि बोलणारा 'परमेश्वर'. तिथून रंगवायला लागा आणि ७:१६ पाशी सावकाश जा. त्या एका वचनात दोन्ही नावं आहेत, तिथं पेन्सिल मधेच बदलावी लागते.